पेस्तो म्हणजे ठेचाच, मग त्याच्यावर हक्क कुणाचा?

१० डिसेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीने दिवाळीचं नाव मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं. आपल्याकडे ती बातमी गाजली. त्याच दिवशी, त्याच बैठकीत, इटलीची स्वयंपाकाची परंपराही त्या यादीत गेली, आणि इटलीत ती बातमी तेवढीच गाजली.

त्याच सुमारास कोकणातले आंबा बागायतदार निराळ्याच काळजीत होते. 'वलसाड हापूस' या नावाला भौगोलिक मानांकन (इंग्रजीत जीआय) मिळावं म्हणून गुजरातमधून अर्ज झाला होता आणि कोकणातून त्याला हरकत घेतली जात होती. त्याआधी जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि सगळीकडे एकच प्रश्न सुरू झाला: आपल्या चपलेला मानांकन आहे ना, मग हे चालतं कसं?

या बातम्या वाचताना बहुतेकांच्या डोक्यात युनेस्को, जीआय, पेटंट आणि ट्रेडमार्क या शब्दांची खिचडी होते. कुणी म्हणतं वडापावचं पेटंट घेऊन टाका, कुणी म्हणतं युनेस्कोने शिक्का मारला की नाव आपलं झालं. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. का, ते समजून घ्यायला भूमध्य समुद्राच्या काठावरचा एक छोटासा प्रांत फार उपयोगी पडतो. तिथे एका वाटीभर हिरव्या चटणीत हे सगळे प्रश्न एकत्र सापडतात.

## सिंधुदुर्गाएवढा किनारा

लिगुरिया हा इटलीच्या वायव्येचा प्रांत. फ्रान्सच्या सीमेपासून ला स्पेत्सियापर्यंत समुद्राला मिठी मारल्यासारखी वळलेली एक चिंचोळी पट्टी, आणि बरोबर मध्यावर जेनोव्हा हे मोठं बंदर. क्षेत्रफळ साधारण ५,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडंसंच जास्त. पाठीशी आपेनाइन्स आणि आल्प्सचे डोंगर, समोर पाणी, आणि दोहोंच्या मध्ये सपाट जमीन जवळपास नाहीच. कोकणातल्या माणसाला याहून जास्त वर्णन लागणार नाही.

सपाट जमीन नाही म्हणून लोकांनी ती बांधून काढली. डोंगराच्या उतारावर दगडाचे बांध घालायचे, मागे माती भरायची आणि त्या अरुंद पायरीवर ऑलिव्ह, द्राक्षं, भाज्या लावायच्या. आपण ज्याला मजगी म्हणतो, साधारण तेच. तिथे या पायऱ्यांना 'फाशे' म्हणतात. बांध चुन्याशिवाय, सिमेंटशिवाय रचलेले असतात, कोकणातल्या गडग्यासारखे. ही नुसती काटकसर नाही. दगडांच्या फटींतून पावसाचं पाणी झिरपून जातं आणि बांधावर दाब येत नाही. सिमेंटची भिंत घातली तर पाणी मागे तुंबतं आणि एक दिवस भिंतच ढकलून देतं. हे बांध लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा त्यांच्यापाशी यायचं आहे.

एवढ्याशा जमिनीत गायीगुरांना चारा कुठून येणार? म्हणून तिथलं खाणं पाल्याचं, कडधान्याचं, तेलाचं आणि माशांचं. जे पिकत नाही ते बंदरातून येतं. लिगुरियाचा प्रत्येक नामांकित पदार्थ या दोन हातांनी बनला आहे: एक हात डोंगरउतारावर, दुसरा जहाजाच्या फळीवर.

## ठेच्याचं पेटंट निघतं का?

पेस्तो ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. बेसिल नावाच्या सुगंधी झाडाची कोवळी पानं, लसूण, पाइनच्या झाडाच्या बिया, जाडं मीठ, दोन तऱ्हेचं किसलेलं चीज आणि ऑलिव्हचं तेल. हे सगळं संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने घोटायचं. झाली हिरवीगार चटणी. ती पास्त्याला लावून खातात.

इटालियन भाषेत 'पेस्तारे' म्हणजे कुटणं, ठेचणं. त्यावरून पेस्तो. म्हणजे शब्दशः ठेचा! आता विचार करा, उद्या एखाद्या गावाने म्हटलं की 'ठेचा' हा शब्द फक्त आम्ही वापरणार, तर ते कुणी ऐकेल का? ठेचणं ही क्रिया आहे, ती कुणाची खाजगी मालमत्ता नाही. पेस्तोचंही तसंच आहे. 'पेस्तो' या शब्दाला युरोपातही कायद्याचं संरक्षण नाही. जगातला कुठलाही कारखाना कसल्याही हिरव्या चटणीची बाटली भरून तिच्यावर पेस्तो लिहू शकतो.

आणि तसं होतंही. पाइनच्या बिया प्रचंड महाग आहेत. त्यात नव्वदीच्या शेवटी उत्तर अमेरिकेतून एक ढेकणासारखा किडा इटलीत पोचला आणि पाइनच्या शंकूंचं नुकसान करू लागला. म्हणून स्वस्त बाटल्यांत त्या बियांऐवजी सर्रास काजू असतो. ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणलेला काजू असा जेनोव्हाच्या चटणीतही जाऊन बसला. ऑलिव्हऐवजी सूर्यफुलाचं तेल, दाटपणासाठी बटाटा, हेही बाटलीवरच्या यादीत सापडतं.

मग पेटंट का नाही? पेटंट मिळतं नव्या शोधाला, ठरावीक वर्षांसाठी. आजीच्या आजीने केलेली चटणी नवा शोध नव्हे. आणि युनेस्को? त्या यादीत नाव जाणं हा सन्मान आहे, आणि ती परंपरा जपण्याची जबाबदारी त्या देशावर येते. पण नाव कुणी वापरावं, कुणी वापरू नये, यावर त्या यादीची काडीचीही सत्ता चालत नाही. दिवाळी यादीत गेली म्हणून इतरांना दिवाळी साजरी करायला बंदी होत नाही, तसंच.

## परसातली विहीर आणि गावाची विहीर

आता ट्रेडमार्क आणि भौगोलिक मानांकन यांतला फरक. तोच सगळ्यात जास्त गोंधळाचा.

ट्रेडमार्क म्हणजे परसातली विहीर. ती एका मालकाची. तो ती विकू शकतो, भाड्याने देऊ शकतो, दुसऱ्याला पाणी भरू न देण्याचा त्याला हक्क आहे. भौगोलिक मानांकन म्हणजे गावाची विहीर. गावातला कुणीही, ठरलेले नियम पाळून, तिथे पाणी भरू शकतो. पण ती कुणी एकटा विकू शकत नाही, आणि गावाबाहेरच्याने आपल्या पाण्याला त्या विहिरीचं नाव द्यायचं नाही. आपल्या हापूसला २०१८ साली मिळालं ते हे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतला, नोंदणी केलेला कुठलाही बागायतदार ते नाव वापरू शकतो.

मानांकनाने पदार्थ करायला बंदी होत नाही, हेही इथेच सांगितलेलं बरं. पुण्यातल्या घरात पेस्तो करा, बेळगावात हापूसचं झाड लावा, कुणी अडवणार नाही. बंदी आहे ती बाजारात ते संरक्षित नाव लावून माल विकण्याला.

## जन्म, शाळा, लग्न, सगळं एकाच गावात

युरोपने १९९२ साली अन्नपदार्थांच्या नावांसाठी कायदा केला आणि त्यात दोन दर्जे ठेवले. इटलीत त्यांना 'डीओपी' आणि 'आयजीपी' म्हणतात. आपल्या कायद्यात असे दोन दर्जे नाहीत, एकच मानांकन आहे, म्हणून हा भाग आपल्याला नवा वाटतो.

डीओपी हा कडक दर्जा. जन्म, शाळा, लग्न, सगळं एकाच गावात झालेलं हवं. पीक तिथेच यायला हवं, प्रक्रिया तिथेच व्हायला हवी आणि गुणही त्या मातीहवेतून आलेला हवा. आयजीपी थोडा सैल. जन्म कुठेही होवो, पण आयुष्यातली निदान एक महत्त्वाची गोष्ट त्या गावात घडलेली हवी, आणि नाव किंवा गुण त्या गावाशी जोडलेला हवा.

आता हे लिगुरियात कसं लागू होतं ते पाहा, म्हणजे सगळं उलगडेल.

चटणीला संरक्षण नाही, पण तिच्यातल्या पानाला आहे. 'बाझिलिको जेनोव्हेझे' म्हणजे जेनोव्हाचं बेसिल, याला २००५ साली डीओपी मिळालं. ते लिगुरियाच्या समुद्राकडे तोंड केलेल्या उतारांवरच पिकायला हवं. डोंगराची धार ओलांडली की हक्क संपला. झाड किती मोठं झाल्यावर काढायचं तेही नियमात आहे: खऱ्या पानांच्या दोन ते चार जोड्या आल्या की, म्हणजे अगदी कोवळं असताना. मुळांसकट उपटून तीन ते दहा झाडांची जुडी बांधतात. कोथिंबिरीची जुडी डोळ्यांसमोर आणा, फक्त तिच्यापेक्षा पुष्कळ लहान. जेनोव्हाच्या पश्चिमेला प्रा नावाचा भाग आहे, तो या बेसिलचा गड मानला जातो. वर उतारावर काचेची हरितगृहं आणि समोर कंटेनरचं बंदर, असं तिथलं दृश्य आहे. ज्यांना परंपरा म्हटलं की फक्त बैलगाडी आठवते त्यांनी हे ध्यानात घ्यावं: हरितगृह नियमात बसतं.

तेलाचंही असंच. 'रिविएरा लिगुरे' या ऑलिव्ह तेलाला १९९७ पासून डीओपी आहे. तिथली मुख्य ऑलिव्ह ताज्जास्का, ताज्जा या गावावरून नाव पडलेली, फळ बारीक आणि तेल सौम्य, किंचित गोडसर. इटलीच्या दक्षिणेकडची तेलं घशाला झणका देतात, हे देत नाही, म्हणून ते बेसिलच्या वासावर कुरघोडी करत नाही.

सैल दर्जाचं उत्तम उदाहरण म्हणजे रेक्को गावची चीजभरली फोकाच्चा. यीस्ट न घातलेल्या कणकेच्या दोन झिरझिरीत पापुद्र्यांमध्ये मऊ ताज्या चीजचे गोळे ठेवायचे, वरच्या पापुद्र्याला भोकं पाडायची आणि कडक भट्टीत भाजायचं. तिला २०१५ साली आयजीपी मिळालं. गहू लिगुरियात पिकलेला असण्याची अट नाही, तिथे गहू पिकतोच कुठे? पण करायची मात्र रेक्को, कामोल्यी, सोरी आणि आवेन्यो या चार गावांच्या हद्दीतच. रेक्कोचाच तरबेज भटारी मिलानला गेला आणि तिथे तीच फोकाच्चा त्याच हातांनी केली, तरी त्याला ते नाव लावता येत नाही. पहिल्यांदा ऐकताना हे अन्यायाचं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण कायदा माणसाच्या हाताला नाव देत नाही, जागेला देतो, आणि एकदा ती अट सोडली की मग कुठे थांबायचं हे कुणालाच सांगता येणार नाही.

'लिगुरियन समुद्रातल्या खारवलेल्या आचुगे' यांनाही २००८ पासून आयजीपी आहे. आचुगा म्हणजे आपल्या मांदेलीची चुलत बहीण, एकाच कुळातली. रात्री होडीवर दिवा लावून मासळी गोळा करायची, डोकं-आतडी काढून मिठाच्या थरांत रचायची, वर वजन ठेवायचं आणि महिना-दीड महिना मुरू द्यायची. मोन्तेरोस्सो गाव यासाठी नावाजलेलं.

म्हणजे एखाद्या पदार्थाला मानांकन मिळालं असं वाचलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: साखळीतली नेमकी कुठली कडी त्या जागेला बांधली आहे? बी, माती, फळ, की करण्याची जागा? उरलेल्या कड्या मोकळ्याच असतात. बाटलीवर 'जेनोव्हाच्या डीओपी बेसिलचा पेस्तो' असं लिहिलेलं असेल, तर ती हमी फक्त पानाची आहे. तेल कुठलं, बिया कुठल्या, चीज कुठलं, हे मागच्या बाजूची यादी वाचूनच कळणार.

## "पण बेसिल तर आपल्याकडचंच ना?"

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. बेसिल मूळचं भूमध्य किनाऱ्यावरचं नाही, ते आशिया-आफ्रिकेच्या उष्ण भागातून तिकडे गेलं. ते आपल्या तुळशीच्या नात्यातलं आहे, आणि फालुद्यात घालतो तो सब्जा तर याच बेसिलच्या जातीचं बी. मग जेनोव्हाचा हक्क कसला?

हापूसकडे पाहा म्हणजे उत्तर मिळेल. त्या नावात अफोन्सो हा पोर्तुगीज माणूस बसलेला आहे आणि कलम बांधण्याची कलाही पोर्तुगीजांच्या काळात इथे रुजली. तरी हापूस कोकणचा आहे, कारण चारशे वर्षं जांभ्या दगडाच्या मातीत आणि खाऱ्या वाऱ्यात लोकांनी तो निवडत, जोपासत आणला. मानांकन मुळाचा दाखला देत नाही. पाहुणी आलेली वनस्पती एखाद्या गावात इतकी रमली की तिच्यात आणि गावात वेगळं नातं तयार झालं, तर त्या नात्याची नोंद होते. जेनोव्हाच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लहान, फुगीर, हलक्या रंगाच्या पानाची झाडं निवडत नेली. ती निवड त्यांची.

## अस्सल कृती कुठली?

दुसरी शंका याहून अवघड आहे. पदार्थ बदलत राहतात, मग नियम लिहून त्यांना एका क्षणी गोठवायचं कशाला?

पेस्तोची छापील कृती १८६३ साली जेनोव्हात प्रसिद्ध झालेल्या एका पाककृतींच्या पुस्तकात आहे. ती वाचून आजचे कट्टर पेस्तोप्रेमी चक्रावतील. बेसिल घ्या, पण नसेल तर मरवा आणि पार्सली घ्या, असं तिथे सांगितलं आहे. आणि चीज? किसलेलं पार्मेझान आणि त्याच्या जोडीला हॉलंडचं चीज! बंदर होतं, हॉलंडची जहाजं येत होती, तिकडचं चीज टिकाऊ होतं, म्हणून घातलं. आज अस्सल म्हणून मिरवणाऱ्या कृतीत हॉलंडच्या जागी सार्डिनिया बेटावरचं मेंढीच्या दुधाचं चीज आहे. पार्मेझानही लिगुरियाचं नाही, डोंगरापलीकडचं आहे. म्हणजे जेनोव्हाच्या सर्वांत प्रसिद्ध पदार्थातली दोन्ही चीजं परगावची आहेत.

म्हणूनच मला वाटतं की पेस्तोच्या नावाला कुलूप लागलं नाही ते बरंच झालं. कृती वाहती असते. ज्याने जमिनीवर घाम गाळला त्याच्या पिकाचं नाव राखावं, आणि ठेचण्याची पद्धत सगळ्यांना मोकळी असावी. पद्धत जपण्याचे दुसरे मार्ग आहेत. जेनोव्हात २००७ पासून दर दोन वर्षांनी खलबत्त्याने पेस्तो करण्याची जागतिक स्पर्धा भरते. पालाझ्झो दुकाले या जुन्या राजवाड्यात शंभर स्पर्धक एकाच वेळी घोटत बसतात, आणि त्यांत बाहेरच्या देशांतलेही असतात.

## चव खरंच वेगळी लागते का?

थोडी माती, थोडं वय, थोडी हातोटी. बेसिलचं झाड मोठं होत गेलं की त्याला पुदिन्यासारखा वास येऊ लागतो. जेनोव्हाच्या नियमात तो वास चालत नाही, म्हणून झाड कोवळं असतानाच काढतात. यातला बराच भाग तुम्ही तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीतही करू शकता. फूल येण्याआधीच, पानं लहान असताना खुडा, फरक कळेल.

हातोटीचं कारण सोपं आहे. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, कारण पेशी फुटून आतला रस हवेशी भिडतो. बेसिलचंही तेच. मिक्सरचं पातं पान सपासप कापतं, गरम होतं, हवा घुसळतं, आणि चटणी काळपट होऊन किंचित कडवटते. खलात पान दाबून चिरडलं जातं, मीठ त्याला खरवडतं आणि लगेच तेल येऊन त्याच्यावर पांघरूण घालतं. पाट्यावरची चटणी आणि मिक्सरची चटणी यांतला फरक ज्याने चाखला आहे त्याला हे पटवून द्यायला नको. मिक्सरशिवाय गत्यंतर नसेल तर भांडं आधी फ्रीजमध्ये गार करा आणि थांबत थांबत फिरवा.

मात्र हेही खरं की डोळे बांधून चाखायला दिलं तर प्रा गावचं बेसिल प्रत्येकाला ओळखता येईलच असं नाही. मानांकन चवीची परीक्षा घेऊन निकाल लावत नाही. ते उगम आणि पद्धत यांची हमी देतं.

## शिक्का नसलेलं ताट

लिगुरियाचा मला सगळ्यात जवळचा वाटणारा पदार्थ कसल्याही शिक्क्याशिवाय सुखात जगतो आहे. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल. आपलं धिरडंच, फक्त तव्याऐवजी भट्टीत. पीठ पातळ भिजवून काही तास ठेवायचं, वर आलेला फेस काढून टाकायचा, कल्हई केलेल्या तांब्याच्या मोठ्या परातीत तेल ओतून त्यावर ते पातळसर पसरायचं आणि लाकडाच्या धगधगत्या भट्टीत सरकवायचं. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, वर मिरपूड. पीठ आपल्या बेसनापेक्षा फिकं असतं, कारण आपलं बेसन बारीक देशी हरभऱ्याच्या डाळीचं आणि त्यांचं मोठ्या पांढऱ्या हरभऱ्याचं. जेनोव्हात ज्या दुकानांत हे मिळतं त्यांना 'शामाद्दा' म्हणतात, म्हणजे जाळ, भडका.

याची एक दंतकथा आहे. १२८४ साली मेलोरियाच्या लढाईत जेनोव्हाच्या आरमाराने पिसाचा पाडाव केला. परतीच्या वाटेवर वादळात सापडलेल्या जहाजात हरभऱ्याच्या पिठाची आणि तेलाची पिंपं फुटली, सगळं खाऱ्या पाण्यात कालवलं गेलं, आणि उन्हात वाळलेला तो लगदा खलाशांनी खाल्ला. लढाई खरी, पिंपांची गोष्ट लोकांनी रचलेली. पण पदार्थ जहाजांबरोबर फिरला हे नक्की. फ्रान्समधल्या नीस शहरात तो सोक्का झाला, जिब्राल्टरमध्ये कालेन्तिता, आणि स्थलांतरितांबरोबर अर्जेंटिनात आणि उरुग्वेत जाऊन फाइना झाला. तिकडे तो पिझ्झ्यावर ठेवून खातात. याला एका गावाच्या हद्दीत बांधलं असतं तर त्याच्या या सगळ्या बहिणी परक्या ठरल्या असत्या.

तसंच 'प्रेबोज्जोन'चं. ही डोंगरातल्या रानभाज्यांची जुडी. कुठल्या पाल्याला कधी हात लावायचा हे जाणत्या बायकांना ठाऊक असतं, आणि दर खोऱ्यात जुडी निराळी. ती शिजवून, चिरून पास्त्याच्या पोटात भरतात आणि वर अक्रोडाचा वाटलेला रस्सा घालतात. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे टाकळा, कुर्डू, भारंगी खुडणाऱ्या हातांचं ज्ञान जसं कुठल्या नोंदवहीत बसत नाही, तसंच हेही. मानांकनाला पक्की व्याख्या लागते, आणि ज्याची व्याख्या दर आठवड्याला बदलते ते त्याच्या बाहेरच राहतं.

## हद्द संपली की हक्क संपला

आता कोल्हापुरीच्या प्रश्नाकडे येऊ. भौगोलिक मानांकन ज्या देशात नोंदवलं त्याच देशात चालतं. कोल्हापुरी चपलेला भारतात २०१९ साली मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. ते इटलीत आपोआप लागू होत नाही. आणि शिवाय मानांकन मुख्यतः नावाचं असतं. कुणी नाव न घेता तसाच माल केला तर या कायद्याने त्याला गाठणं कठीण जातं.

उलट दिशेनेही तेच. युरोपात 'पार्मेझान' हे नाव पार्मिजानो रेज्जानो या मूळ इटालियन चीजचीच आठवण करून देतं, म्हणून इतरांनी ते वापरायचं नाही, असा निकाल २००८ साली युरोपच्या न्यायालयाने दिला. अमेरिकेत मात्र ते त्या तऱ्हेच्या कडक चीजचं सर्वसाधारण नाव झालं आहे. एकदा नाव असं हातातून सुटलं की ते परत आणणं जवळजवळ अशक्य. हापूसच्या बाबतीत कोकणातल्या लोकांचा जीव टांगणीला लागतो तो यासाठीच.

मार्ग आहेत. दुसऱ्या देशात स्वतंत्र नोंदणी करता येते: दार्जिलिंग चहाने २०११ साली आणि कांगडा चहाने २०२३ साली युरोपात ती मिळवली. किंवा दोन देश करार करून एकमेकांच्या नावांची यादी मान्य करतात. भारत आणि युरोपीय संघ यांच्यात २०२२ पासून अशा कराराची बोलणी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटींपासून वेगळी ठेवून सुरू झाली. तो करार झाला तर पार्मिजानो इकडे आणि आपली नावं तिकडे अधिक सुरक्षित होतील.

पण युरोपकडून घेण्यासारखी खरी गोष्ट मला वेगळी वाटते. तिथे प्रत्येक नावामागे बारीक नियमावली असते आणि ती पाळली जाते का हे तपासणारी त्रयस्थ यंत्रणा असते. आपल्याकडे सहाशेहून अधिक मानांकनं झाली, प्रमाणपत्राचे सोहळे झाले, पण नोंदणीनंतर बाजारात पेटी उघडून पाहणारं कोण, या प्रश्नाला अजून धड उत्तर नाही. बाजार समितीत परजिल्ह्यातला आंबा देवगडच्या खोक्यात भरला जातो तेव्हा कागदावरचं मानांकन तिथे हजर नसतं.

## बांधांचं काय?

लिगुरियाच्या पूर्व टोकाला पाच गावं आहेत: मोन्तेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. यांनाच मिळून चिंक्वे तेर्रे म्हणतात. १९९७ साली युनेस्कोने हा सगळा उतार जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. इथे द्राक्षं सावलीत वाळवून 'शाक्केत्रा' नावाची गोड, घट्ट वाइन करतात. तिच्या नावाला १९७३ पासून संरक्षण आहे. २०१८ साली तर कोरडे दगडी बांध रचण्याच्या कलेचंही नाव युनेस्कोच्या यादीत गेलं, आठ देशांच्या वतीने. म्हणजे सन्मान, नाव, वारसा, सगळं काही आहे.

आणि तरी बांध ढासळत आहेत. कारण साधं आहे. उतार इतका उभा की तिथे ट्रॅक्टर चढत नाही. द्राक्षांच्या पेट्या उतरवायला एका रुळावरून सरकणारी छोटी गाडी वापरतात, बाकी सगळं पाठीवर. पर्यटकांना खोली भाड्याने दिली तर एका हंगामात जे मिळतं ते द्राक्षांतून कित्येक वर्षांत मिळत नाही. मुलं शहरात गेली, पायऱ्यांवर झुडपं वाढली. बांधाला सतत हात लागतो. एक दगड निसटला की त्याच हिवाळ्यात बसवावा लागतो, नाहीतर बांधाला पोट सुटतं आणि मग तो बसतो.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी इथे काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. ओसाड पडलेल्या पायऱ्यांची माती आणि दगड ओढ्यात उतरले, आणि व्हेर्नात्साचा मुख्य रस्ता पहिल्या मजल्यापर्यंत चिखलाने भरला. माणसं गेली. ज्या लोकांनी शतकानुशतकं वाइनसाठी म्हणून बांध राखले ते खरं तर खालचं गावही राखत होते, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

त्यानंतर मानारोलाच्या वरच्या उतारावर, २०१९ पासून, तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने युरोपीय संघाच्या पैशातून पडलेले बांध पुन्हा उभे करण्याचं काम हाती घेतलं. बांध कसा रचायचा हे माहीत असलेली माणसं थोडी उरली होती, म्हणून आधी शिकवण्यापासून सुरुवात करावी लागली. तळाशी मोठे दगड, थोडे डोंगराकडे झुकलेले, मागे बारीक खडी, आणि प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर. शिकायला आलेल्यांत इटलीत नव्याने स्थायिक झालेले परदेशी लोकही होते. ज्यांचा त्या मातीशी जन्माचा काही संबंध नव्हता, त्यांच्या हातांनी तिथले काही बांध पुन्हा उभे राहिले.